दुपारी दोनला संपणारी गोळी

मुलाला दम्याचा पंप चालू झाला तर मोहल्ला त्याच्या आईला धीर देतो. चष्मा लागला तर मोबाइलला दोष देऊन मोकळा होतो. पण एखाद्या मुलाला एडीएचडीसाठी मेथिलफेनिडेट चालू झाले, की तोच मोहल्ला त्याच्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. ‘बच्चे को नशे की गोली खिला रही है’ हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोण बोलणार, हेही आता आधीच कळते. त्यांत शेजारीण असते, मुलाची फुफी असते, मकतबचे हाफिजसाहेब असतात. आणि आमच्या स्टाफरूममधले डीएड-बीएड झालेले लोकही असतात, ज्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

मी एका तालुक्याच्या गावात उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मी डॉक्टर नाही. कोणत्या मुलाला कोणते औषध, किती मिलिग्रॅम, हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि इथे मी ते सांगणारही नाही. माझे भांडण त्यानंतरच्या गोष्टीशी आहे. निदान झाले, डॉक्टरांनी औषध लिहिले, आईने छातीवर दगड ठेवून ते सुरू केले. आणि मग त्या औषधाचा हिशेब आपण सगळे मिळून शाळेच्या घंटेवर करतो. पहिल्या तासाला मूल शांत बसले की औषध ‘लागू पडले’. संध्याकाळी त्याने घर डोक्यावर घेतले की ‘पोरगं मुळातच वाया गेलेलं’. दोन्ही निष्कर्ष काढणाऱ्यांनी त्या मुलाच्या दिवसाचा एकेक तुकडाच पाहिलेला असतो.

आधी थोडे औषधाबद्दल, कारण विरोध करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते समजून घेतलेले असते. मेथिलफेनिडेट हे काही कालपरवाचे फॅड नाही. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी ते १९४४ मध्ये तयार केले. त्यांच्या पत्नीचे नाव रीटा, म्हणून औषधाचे नाव रिटालिन. त्याआधी १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयातील ३० मुलांना बेन्झेड्रिन हे दुसरे उत्तेजक देऊन पाहिले, तेव्हा जवळपास निम्म्या मुलांच्या अभ्यासात ठळक फरक पडला. म्हणजे वर्तनाचा आणि अवधानाचा त्रास असलेल्या मुलांवर उत्तेजक औषधांचा परिणाम डॉक्टर पाकिस्तान आणि भारत हे दोन देश होण्याच्या आधीपासून पाहत आहेत.

या औषधाची अडचण एकच होती. साधी गोळी तीन-चार तास चालते. सकाळी दहाला दिली की दुपारी दोनच्या सुमारास उतरते. मग दुसरी द्या, मग तिसरी. यावर उपाय म्हणून दीर्घकाळ चालणारे प्रकार आले. काही गोळ्या सहा ते आठ तास पुरतात. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेला एक प्रकार सुमारे बारा तास पुरतो आणि त्याची रचना पाहण्यासारखी आहे. औषधाचा सुमारे पाचवा भाग गोळीच्या वरच्या थरात असतो, तो लगेच कामाला लागतो. बाकीचे औषध आत बंद असते. पोटातले पाणी आवरणातून आत झिरपते, आतला एक थर त्या पाण्याने फुगतो आणि लेझरने पाडलेल्या बारीक छिद्रातून औषध थोडेथोडे बाहेर ढकलत राहतो. सगळे औषध संपले की रिकामे टरफल शौचावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. हे टरफल पाहून एका आईने मला घाबरून फोन केला होता, “आपा, गोळी पचतच नाही, तशीच बाहेर येते. मी आता कुटून केळ्यातून देऊ का?” मी तिला आधी थांबवले आणि डॉक्टरांना फोन लावायला सांगितले. ही गोळी कुटली, चावली किंवा तोडली तर बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते. औषध लिहून देताना हे दोन वाक्यांत सांगायला किती वेळ लागतो? पण ओपीडीत शंभर माणसे बाहेर उभी असतात आणि ती दोन वाक्ये राहून जातात.

आता आमच्या मुलाचा दिवस बघा. फजरनंतर मकतब. तिथून घरी येऊन नाश्ता, मग अकरा ते पाच शाळा. मगरिबनंतर ट्यूशन, गृहपाठ, इशानंतर झोप. दहाच्या सुमारास घेतलेली छोटी गोळी या दिवसात कुठे बसते? सकाळचे तीन तास ती झाकते. मकतब तिच्या आधी होऊन गेलेले असते. गृहपाठ तिच्यानंतर खूप उशिरा येतो. आणि दुपारी दोननंतर शाळेत काय होते, हे मला कुणी सांगायला नको. कारण आमच्या वेळापत्रकात मधल्या सुट्टीनंतरचा तास मराठीचा असतो.

यावर जरा थांबते, कारण हा माझ्या पोटापाण्याचा आणि त्याहून जास्त जिव्हाळ्याचा विषय आहे. उर्दू शाळांत गणित-विज्ञान सकाळी ठेवतात, ताजे डोके हवे म्हणून. मराठी दुपारी. वेळापत्रक लावणाऱ्यांना ती ‘दुसरी भाषा’ वाटते, दहावीला जेमतेम पास झाले की झाले. या मुलांना पुढे कॉलेज, नोकरी, तहसील, पोलीस ठाणे सगळीकडे मराठीच लागणार आहे, हे मी अनेक बैठकांत बोलून दमले. ते असो. पण ज्या मुलाची गोळी दोनला उतरते, तो वर्षानुवर्षे मराठीचा प्रत्येक तास गोळीविना बसतो. त्याच्या प्रगतिपत्रकावर गणितात ‘ब’ आणि मराठीत ‘ड’ येतो. मग शेरा येतो, “मराठी कच्चे, घरी सराव घ्यावा.” कुणी तर असेही सांगतात की उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे अशा दोन लिप्या शिकवल्याने मुलाच्या डोक्याचा गोंधळ होतो, म्हणून मराठी सोडून द्या. हजारो मुले दोन्ही लिप्या सहज लिहितात, माझ्या वर्गात रोज लिहितात. या मुलाचा गोंधळ लिपीचा नव्हता. घड्याळात दोन वाजले होते, एवढेच.

अशा मुलाला दीर्घकाळ चालणारे औषध मिळाले, की मराठीच्या तासाला काय होते, ते मी पाहिले आहे. चमत्कार होत नाही. तो हुशार होत नाही, आज्ञाधारक तर मुळीच होत नाही. फळ्यावरून वहीकडे येताना ओळ हरवत नाही. वाक्याच्या मध्यात पेन्सिलीचे टोक मोडले तर तो दुसरी पेन्सिल काढतो. आधी तो टोक शोधायला बाकाखाली जायचा आणि तिथेच राहायचा. कानामात्रा सुटणे कमी होते. एवढेच होते. पण दररोज एवढे झाले, की वर्षाअखेर त्याला परिच्छेद वाचता येतो.

‘एक-दोन तास गेले तर काय बिघडले’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगते. १९९९ मध्ये अमेरिकेत एमटीए नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुले, चौदा महिने, चार गट. ज्या गटाला अभ्यासातल्या डॉक्टरांनी काळजीपूर्वक औषध दिले, त्या मुलांना गोळी दिवसातून तीन वेळा आणि आठवड्याचे सातही दिवस मिळत होती. दर महिन्याला अर्ध्या तासाची भेट होती आणि शिक्षकांकडून माहिती घेतली जात होती. दुसऱ्या एका गटाला गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांवर सोपवले होते. त्यातल्याही सुमारे दोनतृतीयांश मुलांना औषध मिळतच होते, पण कमी मात्रेत आणि कमी वेळा. चौदा महिन्यांनी पहिल्या गटातली मुले लक्ष आणि चंचलतेच्या बाबतीत स्पष्टपणे पुढे होती. औषध त्याच जातीचे होते. फरक होता तो दिवसभर पुरवण्यात, लक्ष ठेवण्यात आणि शिक्षकाला विचारण्यात. याच अभ्यासाचा पुढचा भाग औषधविरोधक सांगतात, तोही खरा आहे. काटेकोर देखरेख संपल्यावर, तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटांतला फरक उरला नव्हता. म्हणजे एकदा गोळी लिहून दिली आणि जन्माचे काम झाले, असे होत नाही. पण यावरून ‘गोळी निरुपयोगी’ हा अर्थ काढणारा माणूस, चष्मा काढल्यावर दिसेनासे झाले म्हणून चष्म्यालाच दोष देतो आहे.

आणि शाळेबाहेरचे काय? अमेरिकेतच २३ लाखांहून अधिक एडीएचडी रुग्णांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या महिन्यांत लोक औषध घेत होते त्या महिन्यांत त्यांचे वाहन-अपघात औषध नसलेल्या महिन्यांच्या तुलनेत पुरुषांत ३८ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४२ टक्क्यांनी कमी दिसले. ते मोठ्या माणसांचे आकडे आहेत, मान्य. आमच्या गावात सोळा वर्षांची पोरे तिघे-तिघे बाइकवर हायवेला जातात, आणि ती शाळेच्या वेळेत जात नाहीत; असरनंतर जातात.

आता ‘नशा’ या शब्दाकडे येते. यात भाषेचाही दोष आहे. स्टिम्युलंटला मराठीत ‘उत्तेजक’ म्हणतात आणि वर्तमानपत्रात ‘उत्तेजक द्रव्य’ ही बातमी फक्त खेळाडू पकडला गेला किंवा छापा पडला की येते. उर्दूत ‘मुहर्रिक’ म्हटले तर ऐकणाऱ्याच्या मनात काहीच वाईट येत नाही. पण भांडण खरोखर शब्दाचे नाही. नशा हराम का आहे, हे मकतबात आम्हाला शिकवले गेले होते: ती अकलेवर पडदा टाकते म्हणून. मग ज्या औषधाने मुलाला नमाजच्या चार रकाती न हलता, न मोजणी चुकता उभे राहता येते, त्याने पडदा टाकला की उचलला? हाफिजसाहेबांनी याचे उत्तर द्यावे. मी आदराने विचारते आहे.

या प्रकारचा वाद आपल्यात पहिल्यांदा होत नाही. येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून कॉफी पीत. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने आलिम आणि हकीम जमवून कॉफीवर बंदी घातली, कॉफी जाळली. काहिराच्या दरबाराला ही कडक बंदी मान्य झाली नाही, ती टिकलीही नाही. आज मक्केतच हाजींना काहवा देऊन पाहुणचार होतो. आपल्या घरी पाच वर्षांच्या पोराला चहात खारी बुडवून देतात. कॅफिन हेही उत्तेजकच आहे आणि ते कुणी डॉक्टरच्या चिठ्ठीवर, वजन-रक्तदाब तपासून देत नाही.

व्यसनाची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. मेथिलफेनिडेटचा गैरवापर होऊ शकतो, होतो. पण गोळी गिळली की औषध मेंदूत हळूहळू पोहोचते. एखाद्या पदार्थाने नशा चढते ती तो किती झपाट्याने मेंदूत पोहोचतो यावर बरीच अवलंबून असते, हे नोरा व्होल्को यांच्या मेंदूच्या चित्रणांवरील संशोधनाने दाखवले आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या गोळीत तर हा चढ आणखी संथ असतो. आणि लहानपणी हे औषध घेतलेली मुले पुढे जास्त व्यसनी होतात का, हे तपासणाऱ्या पंधरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये झाले, त्यात तसे दिसले नाही. औषधाने व्यसनापासून संरक्षण मिळते, असेही त्यात दिसले नाही. दोन्ही सांगते, म्हणजे मी कंपनीची एजंट आहे असे म्हणणाऱ्यांची सोय होणार नाही.

आता माझ्या बिरादरीकडे, म्हणजे शिक्षकांकडे. गोळीला नशा म्हणणाऱ्यांइतकाच माझा राग त्या शिक्षकांवर आहे, ज्यांना गोळी फार आवडते. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात (कायदा उच्च प्राथमिकला ३५ सांगतो) एक कटकट कमी झाली म्हणून. असे शिक्षक भर वर्गात विचारतात, “काय रे, आज गोळी नाही घेतली का?” सगळा वर्ग हसतो. त्या दिवसापासून त्या मुलाचे नाव ‘गोळी’ पडते आणि तो घरी गोळी गालात धरून मोरीत थुंकायला शिकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. हा छळच आहे.

दुपारची गोळी शाळेत द्यायची वेळ आली तर काय होते, तेही ऐका. ‘आम्ही औषधे ठेवत नाही, काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ हे उत्तर एका मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर एका आईला दिले. त्यांचेही खोटे नव्हते. आपल्या शाळांत नर्स नाही, कपाट आहे तर त्याची किल्ली शिपायाकडे. मग गोळी मुलाच्या दप्तरात जाते. कायद्याने ज्या औषधाला दुकानातही कुलूप लागते, ते आठ वर्षांच्या पोराच्या कंपासपेटीत. सकाळी घरी, आईच्या समोर, एकदा घ्यायची गोळी इथेच आपली किंमत वसूल करते. शाळेत कुणाला कळत नाही. कुणाच्या हाती पडत नाही. दुपारी कुणाला विनवावे लागत नाही. गरीब घरातल्या मुलाला ही गोळी चैन आहे असे जे म्हणतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे की श्रीमंताचे मूल लहान शाळेत असते, तिथे वैद्यकीय कक्ष असतो, आई गाडीतून दुपारी डबा आणि गोळी घेऊन येऊ शकते. दिवसभराच्या गोळीची खरी गरज झेडपीच्या शाळेतल्या मुलाला आहे.

आणि नेमकी त्यालाच ती मिळत नाही. ती साध्या गोळीपेक्षा महाग असते, हे एक कारण. दुसरे कारण शेड्यूल एक्स. १९४५ च्या औषध नियमांनुसार मेथिलफेनिडेट या यादीत आहे. विक्रीसाठी वेगळा परवाना, माल कुलपात, चिठ्ठी दोन प्रतींत आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपायची. नियमाचा हेतू बरोबर आहे. पण तालुक्याचा केमिस्ट महिन्याला दोन पेशंटसाठी हा व्याप का करेल? तो करत नाही. आमच्या गावची एक आई दर महिन्याला एसटीने दीड तास जिल्ह्याला जाते, तिथे दोन दुकानांत ‘स्टॉक नाही’ ऐकते, तिसऱ्या दुकानात तिच्या बुरख्याकडे आणि चिठ्ठीकडे आळीपाळीने बघत आधार कार्ड मागतात. रोजंदारी बुडते ती वेगळीच. एखाद्या महिन्यात ती जाऊ शकली नाही की शाळेत शेरा येतो, ‘पुन्हा पहिल्यासारखा वागू लागला’. शेड्यूल एक्समध्ये नसलेले ॲटोमोक्सेटिनसारखे औषध सहज मिळते. ते चोवीस तास काम करते आणि काही मुलांसाठी तेच योग्य असते, पण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. कोणते द्यायचे हे मुलाकडे बघून ठरावे, दुकानाच्या फळीकडे बघून नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तर ही गोळी तिथल्याच खिडकीवर मिळाली पाहिजे. आपल्या नगरसेवकांना, आमदारांना कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपण निवेदन देतो. एक निवेदन यासाठी दिल्याचे मी ऐकलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. त्यावरही आपल्यातला कुणी बोलत नाही.

या औषधाचे तोटे आहेत आणि ते लपवणारे लोक त्याचे नुकसानच करतात. भूक कमी होते. डबा तसाच परत येतो. गोळी उशिरा घेतली तर रात्री झोप लागत नाही. डोके, पोट दुखते. नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात, काही मुलांची उंची-वजन वाढण्याची गती किंचित मंदावते, म्हणून तपासणी चुकवायची नसते. हृदयाचा आजार घरात असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचे. औषध उतरताना काही मुले तासभर चिडचिडी, रडवी होतात. आमच्याकडे अब्बू कामावरून येतात ती वेळ साधारण हीच. त्यांनी दिवसभराचे शांत मूल पाहिलेलेच नसते. ते दार उघडतात तेव्हा मूल भांडत असते. त्यांचा निष्कर्ष तयार होतो, ‘गोळ्या खाऊन पोरगं बिघडलं’, आणि कधी त्यासोबत आईला चार शब्द, कधी मुलाला पट्टा. या तासाचा इलाज असतो. वेळ बदलता येते, मात्रा बदलता येते, त्या वेळी गृहपाठाऐवजी जेवण आणि खेळ ठेवता येतो. पण त्यासाठी अब्बूंनी एकदा डॉक्टरांकडे जावे लागते. माझ्या अनुभवात ते जात नाहीत. बायकोला पाठवतात आणि मग तिच्याशीच भांडतात.

रमजानचा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. बालिग न झालेल्या मुलावर रोजा फर्ज नाही, आजारी माणसाला सवलत आहे, हे सगळ्यांना माहीत असते. पण नववी-दहावीचा मुलगा मित्रांसमोर ‘मी आजारी आहे’ म्हणत नाही. तो गुपचूप औषध सोडतो. गेल्या काही वर्षांत रमजान आणि दहावीची परीक्षा एकत्रच येत आहेत, म्हणजे ज्या महिन्यात औषधाची सर्वांत जास्त गरज त्याच महिन्यात ते बंद. दिवसातून तीन वेळा घ्यायची गोळी रोज्यात चालणार नाही, हे उघड आहे. सहरला घ्यायची दीर्घ परिणामाची गोळी काही मुलांना जमू शकते; पेपर तिच्या वेळेत येतो, इफ्तारच्या थोडे आधी ती उतरते. अर्थात रात्रीची कमी झोप, पाणी, आधीच घटलेले वजन हे पाहून डॉक्टरांनी नको म्हटले तर नको. हा निर्णय शाबानमध्ये व्हायला हवा, चाँद दिसल्यावर नाही. आणि इमामसाहेबांनी रमजानच्या आधीच्या जुम्याला मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर या गोळ्यांचाही एकदा उल्लेख केला, तर मिंबरवरून निघालेले ते एक वाक्य माझ्या दहा पालकसभांना भारी पडेल. मुलावर दम करून आणायला माझी हरकत नाही. मीही दुआ करते. दम केल्यावर गोळी बंद करा, असे सांगणाऱ्याला हरकत आहे.

‘हे सगळे अमेरिकी कंपन्यांचे खूळ’ असे आमच्यातले वाचणारे लोक म्हणतात. अमेरिकेत खरेच प्रमाण फार आहे. २०२२ च्या तिथल्या सरकारी पाहणीत ३ ते १७ वयाच्या ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान मिळाले होते. जगभराचा अंदाज साधारण पाच टक्क्यांच्या आसपास मानला जातो. तिथे प्रत्येक खोडकर मुलाला चिकटपट्टी लागत असेल तर त्यांनी ती काढावी. निदानाची अट स्पष्ट आहे: लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून, सहा महिन्यांहून जास्त काळ, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी. फक्त माझ्या तासाला त्रास देणारे मूल या अटीत बसत नाही; त्याला माझा तासच कंटाळवाणा वाटत असेल. पण पाच टक्के धरले तर साठच्या वर्गात तीन मुले झाली. माझ्या संपूर्ण शाळेत औषध चालू असलेली मुले एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. जिथे पाणी प्यायलाच मिळत नाही तिथे पुराचे इशारे देत फिरण्याचा हा प्रकार आहे.

आणि त्या बोटांवर मोजलेल्यांत एकही मुलगी नाही. मुलगे बाकावर चढतात, मारामारी करतात, म्हणून निदान डॉक्टरपर्यंत तरी पोहोचतात. लक्ष न टिकणारी मुलगी बाकावर चढत नाही. ती ओढणीचे टोक गुंडाळत खिडकीबाहेर बघते, प्रश्न विचारला की दचकते, वही घरी विसरते, निरोप विसरते, दूध उतू घालवते. तिला कुणी शैतान म्हणत नाही. ‘कामाची नाही’ म्हणतात. सातवीत तिला शाळेतून काढताना कारण सांगतात की अभ्यासात मन नाही, आणि त्या कागदावर वर्गशिक्षिका म्हणून सही माझ्याकडे मागतात. गेल्या जूनपासून अशा दोन कागदांवर मी सही केलेली नाही. दोन्ही मुलींना आधी जिल्हा रुग्णालयात दाखवा, असे लिहून ते परत पाठवले आहेत. एकीचे वडील मुख्याध्यापकांकडे तक्रार करून गेले. दुसरीची आई पुढच्या मंगळवारी ओपीडीला जाणार आहे, तिच्यासोबत एसटीने मीही जाईन.